मंडळीतल्या माणसाला धीर कसा द्यावा

चर्चमधली उपासना संपते. दाराशी पाळकसाहेबांशी हात मिळवायचा, ओळखीच्यांना सलाम करायचा, "बरं आहे ना सगळं?" विचारायचं आणि "हो, प्रभूची कृपा" एवढं उत्तर घेऊन घरी निघायचं. आपल्या बऱ्याच मंडळ्यांत रविवार असाच जातो. त्याच बाकांवर कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात महिनोन्महिने अबोला असतो, एखादा विशीतला मुलगा "मी हे सगळं खरंच मानतो का?" या प्रश्नाशी एकटाच झुंजत असतो. एकमेकांबद्दल आपल्याला माया असते. पण ती बोलून कशी दाखवायची, कधी दाखवायची आणि बोलून झाल्यावर पुढे काय करायचं, हे संडेस्कूलमध्येही कुणी शिकवत नाही आणि तरुण संघातही नाही.

धीर देणं हा काही लोकांचा स्वभाव असतो आणि बाकीच्यांना ते जमत नाही, असं मला वाटत नाही. ते शिकता येतं. त्यासाठी आधी पाहायला शिकावं लागतं आणि सगळं त्यावरच उभं आहे.

आधी पाहा

बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ११. अंत्युखिया शहरात यहुदी नसलेले लोक प्रभूकडे वळू लागल्याची बातमी यरुशलेमेत पोचते आणि तिथली मंडळी बर्णबा नावाच्या विश्वासणाऱ्याला तिकडे पाठवते. नवे लोक, नवी रीत, शास्त्राची ओळख बेताची. चुका शोधायच्या म्हटल्या असत्या तर पोत्याने सापडल्या असत्या. बर्णबाने काय केलं, ते या पुस्तकाचा लेखक लूक एका ओळीत सांगतो: तो तिथे पोचला, त्याने देवाची कृपा पाहिली, त्याला आनंद झाला आणि मग त्याने सगळ्यांना बोध केला. आधी पाहणं, मग आनंद, मग बोलणं. आपण बहुतेकदा थेट बोलण्यापासून सुरुवात करतो आणि म्हणूनच आपलं बोलणं पोकळ वाटतं.

सुरुवातीचे दोन आठवडे कुणाला काहीही सांगू नका. एक छोटी वही घ्या आणि मंडळीतल्या फक्त तीन माणसांची नावं लिहा. त्यातलं एक तुमच्या जवळचं असावं, एक ओळखीचं पण लांबचं आणि एक असं, की ज्याच्याशी तुमचं फारसं पटत नाही. हे तिसरं नाव टाळू नका. दर रविवारी घरी आल्यावर आणि आठवड्यातली प्रार्थना सभा झाल्यावर प्रत्येकाच्या नावापुढे डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. "चांगली आहे", "प्रेमळ आहे" असं मत नको, घडलेली गोष्ट हवी. "उपासनेआधी अर्धा तास येऊन सतरंज्या अंथरल्या." "नवीन आलेल्या कुटुंबाला गीतपुस्तकातलं पान काढून दिलं." "सभेत उलट बोलणं ऐकूनही आवाज चढवला नाही, गेल्या वर्षी चढवला असता."

आपली नजर पटकन कृपादानांवर, म्हणजे देवाने दिलेल्या खास देणग्यांवर, जाते. पेटी वाजवणारा, छान गाणारी, संदेश देणारा यांचं कौतुक तसं होतच असतं. गलतीकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता आणि पुढचं सगळं. ते माईकवर दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सात वर्षं सगळं करून दर रविवारी शांत चेहऱ्याने उपासनेला येणारी बाई एकही गीत गात नसेल, पण वहीत तिचं पान भरायला हवं. मला विचाराल तर वहीतली निम्म्याहून जास्त वाक्यं फळाची असावीत.

कुणाला काय हवंय ते ओळखा

थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, ५:१४. प्रेषित पौल एकाच वचनात तीन प्रकारची माणसं सांगतो आणि तिघांशी तीन तऱ्हांनी वागायला सांगतो. जे अव्यवस्थित वागतात त्यांची कानउघाडणी करा, ज्यांचा धीर खचलाय त्यांना धीर द्या, जे अशक्त आहेत त्यांना आधार द्या. आणि सहनशीलता मात्र सगळ्यांशी.

गफलत होते ती औषध चुकल्याने. खचलेल्याला आपण कानउघाडणी देतो: "विश्वास ठेव, रडतेस काय?" अशक्ताला नुसते शब्द देतो, आणि त्याला खरं तर कुणीतरी दवाखान्यात सोबत यायला हवं असतं, किंवा घरात डबा हवा असतो. जो जाणूनबुजून बायकोशी वाईट वागतोय त्याला "देव तुझ्यावर प्रेम करतो, भाऊ" म्हणून पाठीवर थोपटतो. म्हणून बोलण्याआधी स्वतःला विचारा: हा माणूस खचलाय, थकलाय की जाणूनबुजून चुकतोय? कळत नसेल तर त्यालाच विचारा. "ताई, मी नुसतं ऐकू, की काही करू?" हा प्रश्न मी पुष्कळ वापरते. समोरच्याला तो कधीच आगाऊपणाचा वाटत नाही.

वाक्य कसं बांधायचं

आता बोलायची वेळ. वाक्यात तीन गोष्टी असाव्यात: मी काय पाहिलं, त्याने काय घडलं, आणि त्यात मला देवाचा हात कुठे दिसला.

समजा, मंडळीतल्या एका मावशींना तुम्हाला काही सांगायचंय. नेहमीचं वाक्य असतं, "मावशी, तुम्ही किती छान प्रार्थना करता!" मावशी संकोचतात, "छे गं, कसलं काय" म्हणतात आणि विषय संपतो. वर पुढच्या वेळी प्रार्थना करताना त्यांना उगाच वाटत राहतं, की लोक ऐकताहेत.

त्याऐवजी असं सांगून पाहा: "मावशी, बुधवारच्या सभेत तुम्ही त्या नव्या सुनेचं नाव घेऊन प्रार्थना केलीत ना, तिला नोकरीच्या ठिकाणी चांगली मैत्रीण मिळू दे म्हणून. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिने डोळे पुसले. जाताना मला म्हणाली, इथे आल्यापासून पहिल्यांदाच कुणाला माझं नाव आठवलं. मला वाटतं, प्रभूने त्या दिवशी तुमच्या तोंडून तिला हाक मारली."

या बोलण्यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. मावशींना नाकारता येईल असंही काही नाही, कारण जे घडलं ते घडलं. श्रेय देवाकडे जातं आणि तरीही मावशींना कळतं, की त्यांचं करणं वाया गेलं नाही.

पौल असाच लिहितो. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचताना भराभर ओलांडतो, कारण तिथे नावांची यादी आहे. पण नीट पाहा. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, फिबी पुष्कळांना आणि खुद्द त्यालाही साहाय्य करणारी झाली, पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले, रुफाची आई त्याचीही आई झाली. बहुतेक नावापुढे काहीतरी आहे आणि तो ते सगळ्या मंडळीला वाचून दाखवायला लिहितोय. फिलेमोनाला त्याच्या गुलामाला भाऊ म्हणून स्वीकारण्याची अवघड विनंती करायच्या आधीसुद्धा तो सांगतो, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या अंतःकरणांना विश्रांती मिळाली आहे.

खुशामत वेगळी. तिच्यात बोलणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं, आणि नीतिसूत्रे २९:५ तिला पायापुढे पसरलेलं जाळं म्हणतं. एक साधी कसोटी: हेच वाक्य हा माणूस समोर नसताना, त्याच्यावर नाराज असलेल्या कुणापुढे मी बोलेन का? बोलणार असाल तर बिनधास्त सांगा.

केव्हा, कुठे आणि कुणासमोर

चांगलं वाक्य चुकीच्या वेळी बोललं तर काय होतं, हे नीतिसूत्रांत दोनदा सांगितलंय. २७:१४ मध्ये मोठ्या पहाटे मोठ्या आवाजात मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप गणला जातो. २५:२० मध्ये दुःखी माणसापुढे गाणी म्हणण्याला थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेण्याशी जोडलंय.

बुजऱ्या माणसाला एकट्यात सांगा. ज्याच्या कामाला मंडळीत कुणी किंमत देत नाही, त्याच्याबद्दल चारचौघांत बोला. वडीलधाऱ्यांशी बोलताना आपण त्यांना गुण देतोय असा सूर येऊ देऊ नका. "काका, तुम्ही चांगलं करताय" यापेक्षा "काका, तुमच्याकडून मी हे शिकलो" असं म्हणा, ते शोभतं. लहान मुलाला सांगायचं असेल तर आईवडिलांसमोर सांगा, पण मुलाच्या डोळ्यांत पाहून. विवाहित बाईला एखाद्या पुरुषाने किंवा त्याच्या उलट काही सांगायचं असेल, तर रात्री खासगी मेसेज करण्यापेक्षा घरभेटीत, कुटुंबासमोर सांगावं. त्याने बोलण्याची किंमत कमी होत नाही आणि मैत्री निकोप राहते.

पाळकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यांना "छान झाला संदेश" हे एवढ्यांदा ऐकावं लागतं, की त्याचा अर्थच उरत नाही. दाराशी काही बोलू नका. त्या संदेशातली एक गोष्ट करून पाहा आणि बुधवारी किंवा गुरुवारी फोन करा: "पाळकसाहेब, तुम्ही क्षमेबद्दल बोललात ना, मी काल भावाला फोन केला. चार वर्षांनी." आणि पाळकबाईंना विसरू नका. सगळ्या घरभेटींचा चहा, अवेळी येणारे पाहुणे, दर काही वर्षांनी होणारी बदली हे सगळं त्या निभावतात, आणि त्यांना कुणी मैत्रीण म्हणून फोन करत नाही.

फोनवर लिहिताना

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन येतं, खाली पंधरा "आमेन" पडतात. त्यात वाईट काही नाही, पण तो धीर नव्हे. धीर एका माणसाला, त्याच्या नावाने पाठवायचा असतो.

वचन पाठवायचंच असेल तर एकच पाठवा आणि ते याच माणसाला का, ते दोन ओळींत लिहा. "आज स्तोत्र १२१ वाचताना तुझी आठवण झाली, कारण तू रात्रपाळीला आहेस, आणि तिथे न झोपणाऱ्या देवाबद्दल लिहिलंय." जमत असेल तर व्हॉइस मेसेजमध्येच प्रार्थना करा, एक मिनिटाची. गावाकडच्या आजीला किंवा परदेशात एकट्या राहणाऱ्या नर्स मुलीला ती परत परत ऐकता येते. आणि "प्रार्थनेत आहेस" असं लिहिण्याआधी खरंच प्रार्थना करा, जागच्या जागी, मेसेज पाठवण्यापूर्वी. वर्षातून दोनचार वेळा मात्र हाताने पत्र लिहा. ते लोक बायबलमध्ये जपून ठेवतात.

शोकाच्या घरी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पुढे पुष्कळ वाईट बोलून घेतलं, पण सुरुवात त्यांनी बरोबर केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी एक शब्दही बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं होतं. बिघडलं ते त्यांनी स्पष्टीकरणं द्यायला सुरुवात केल्यावर.

तेव्हा स्पष्टीकरण देऊ नका. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात", "यात देवाची काहीतरी योजना असेल", "निदान त्रास तरी संपला" ही वाक्यं घरी ठेवून जा. देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारी होतात, हे रोमकरांस ८:२८ खरं आहे, पण दफनाच्या दिवशी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला माणूस तयार नसतो. कधीतरी तो स्वतःच ते वचन उच्चारेल. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेकडे जाताना, त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, प्रभू आधी रडला.

काय करायचं? जा, बसा, गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, आणि घरच्यांना नेमकं तेच ऐकायचं असतं. "दादांनी मला सायकल शिकवली होती" एवढं पुरतं. पहिल्या दिवसांत घरात माणसांची आणि जेवणाची ददात नसते. स्मरणार्थ उपासना झाली, पाहुणे गेले, की घर एकदम रिकामं होतं. फोनमध्ये तारखा टाकून ठेवा: एक महिना, तीन महिने, त्या माणसाचा वाढदिवस, पहिला नाताळ. त्या दिवशी डबा घेऊन जा. "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका, कारण कुणी सांगत नाही. "गुरुवारी संध्याकाळी सातला वरणभात घेऊन येते, तुम्ही फक्त दार उघडा" असं सांगा.

पडलेल्याला उभं करणं

पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीवर निघालेला योहान मार्क पंफुल्यात काम अर्धवट सोडून परत गेला होता. पुढच्या फेरीत त्याला न्यायला पौल तयार नव्हता. बर्णबा अडून बसला, दोघांत तीव्र मतभेद झाला, आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला (सायप्रसला) गेला. पुष्कळ वर्षांनी तोच पौल तुरुंगातून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते शास्त्र सांगत नाही. पण कुणीतरी मार्काला काम दिलं होतं, एवढं नक्की.

जो पडलाय, लाजलाय, मंडळीत यायला कचरतोय, त्याला नुसतं "ये रे" म्हणून भागत नाही. रविवारी त्याच्या घरी जाऊन त्याला सोबत आणा आणि शेजारी बसा. कुणी भुवया उंचावल्या तर "हा माझ्याबरोबर आहे" असं सांगा. मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, सगळे घाबरत होते तेव्हा बर्णबाने हेच केलं, त्याला हाताला धरून प्रेषितांकडे नेलं. मग झेपेल असं एक छोटं काम द्या आणि ते झाल्यावर त्याबद्दल बोला. काम म्हणजे "आम्हाला तू हवा आहेस" याचा पुरावा. व्यवहार किंवा मुलांशी संबंधित अपराध असेल तर मात्र पैसे आणि मुलं यांच्यापासून त्याला दूरच ठेवा. क्षमा आणि जबाबदारी एकदम परत द्यावी लागत नाही.

क्षमतेवर आधी दुसऱ्याने विश्वास ठेवावा लागतो, याचं आपल्या घरातलं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. शाळेचं शिक्षण नसलेली ही बाई. १९१९ मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक गेले, तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या आठवणींमुळे सारा महाराष्ट्र त्यांना ओळखतो, त्या त्यांनी लिहायला घेतल्या मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहामुळे. तुमच्या महिला मंडळात "मला काय येतंय" म्हणत मागे बसणाऱ्या बायका आहेत. त्यातल्या एकीला पुढच्या महिन्याच्या सभेत साक्ष द्यायला सांगा, आणि आदल्या दिवशी तिच्या घरी बसून ती ऐका.

काही धोके

"प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं" असं म्हणून दुसऱ्याची गोष्ट तिसऱ्याला सांगू नका. आपल्या मंडळ्यांत विश्वास मोडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे असं मला वाटतं, आणि एकदा मोडला, की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. ज्याची गोष्ट त्याची परवानगी घ्या, नाहीतर फक्त देवाला सांगा.

देवाच्या नावाने वचनं वाटू नका. "तुला याच महिन्यात मूल राहील, देवाने मला दाखवलंय" असं सांगणारा निघून जातो आणि पुढचा महिना त्या बाईला काढावा लागतो.

मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" असं कधीही सांगू नका. तिला सुरक्षित जागी न्या. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि "जगावंसं वाटत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. नैराश्य म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. गोळ्या घेणाऱ्या विश्वासणाऱ्याला हेही धीराचंच वाक्य आहे, आणि ते तुमच्या तोंडून ऐकायची त्याला फार गरज असू शकते.

सवय लावताना

इब्री लोकांस पत्रात ३:१३ मध्ये एकमेकांना 'प्रतिदिवशी' बोध करा, असं म्हटलंय. रोज जमेलच असं नाही, पण आठवड्याला तीन जमतात: एक मेसेज, एक फोन, एक भेट. वहीतली तीन नावं दर तीन महिन्यांनी बदला. भेटीला वेळ नाही असं वाटलं तर योनाथान आठवा. जुन्या करारातला राजा शौल दाविदाच्या जिवावर उठला होता, तरी योनाथान रानात त्याला शोधत गेला आणि देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करून आला. आणि योनाथान त्याच राजाचा मुलगा होता. दाविद टिकला तर याचं सिंहासन जाणार होतं.

तुम्हाला कुणी धीर दिला तर "छे, छे, काही नाही हो" म्हणून तो परतवू नका. "थँक्यू, मला याची गरज होती" एवढं म्हणा आणि गप्प बसा.

आणि कुणीच दिला नाही तर मागा. आपल्याला हे फार जड जातं, विशेषतः जे सगळ्यांना धीर देतात त्यांना. पौलाने मागितला. तीमथ्याला दुसरं पत्र लिहिताना त्याने स्पष्ट लिहिलं: लवकर ये, हिवाळ्याआधी ये, त्रोवसात कर्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकंही आण, विशेषकरून चर्मपत्रं. तुमच्या निरोपातही असंच नेमकं लिहा. "या आठवड्यात मला एकटं वाटतंय. शनिवारी येशील का? येताना काही आणू नकोस, फक्त तासभर बस, आणि जाताना माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना कर."